खिडकीवरचा शेरा

कॅमेरा त्यानं सवयीनं डोळ्याला लावला आणि त्याला काहीच दिसलं नाही. अगदीच काही नाही असंही नाही. एक निळसर उजेड दिसला आणि नाकाच्या शेंड्याला गुळगुळीत काच टेकली. समोर पुलाच्या कठड्याला रेलून उभं असलेलं जोडपं हसायला लागलं. आधी मुलगी हसली, मग तिच्याकडे बघून मुलगा. “काका, असं नाही हो! लांब धरा, लांब. मागच्या काचेवर दिसतंय बघा सगळं.” मग त्यानं तो साबणाच्या वडीएवढा कॅमेरा डोळ्यापासून काढला आणि ओलं केलेलं पोर धरावं तसा दोन्ही हात लांब करून धरला. काचेवर ती दोघं होती, त्यांच्यामागे नदीचं राखाडी पाणी होतं. त्यानं बटण दाबलं. मुलीनं कॅमेरा हातात घेऊन बघितलं. “ई, डोळे मिटले माझे. अजून एक काढता?” त्यानं अजून एक काढला. मग अजून एक. चौथा तिला आवडला. तिनं तिथल्या तिथे अंगठ्यानं काहीतरी दाबलं आणि आधीचे तीन फोटो गेले. फाटले नाहीत, जळले नाहीत, कुठल्या टोपलीत पडले नाहीत, नुसते गेले. “थँक्यू हं काका,” म्हणून दोघं चालायला लागली. बसथांब्यापासून कारखान्यापर्यंतच्या रोजच्या वाटेवर, सकाळी पावणेनऊला, एवढंच घडलं.

घडलं त्यात काही नव्हतं. दुसरा कोणी असता तर संध्याकाळी घरी जाऊन त्यानं ही गंमत बायकोला सांगितली असती. पण हा माणूस एकोणतीस वर्षं कॅमेऱ्याच्या कारखान्यात होता आणि त्यातली एकोणीस वर्षं मुख्य तपासनीस. त्याच्या सहीशिवाय एक खोकं दाराबाहेर पडत नसे. आणि नेमकं आजच, दुपारी बाराच्या आत, त्याला एका कागदावर लिहून द्यायचं होतं की कॅमेऱ्याला डोळा लावायला जागा लागते की नाही. पूल उतरताना त्यानं शरम वाटून घ्यायचा प्रयत्न केला. आली नाही. राग आणून बघितला, तोही आला नाही. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की ओठ जागेवर असतो पण आपला नसतो, बोटानं दाबला तर परक्याच्या ओठाला हात लावल्यासारखं वाटतं. त्याला अलीकडे सगळ्याच गोष्टींचं तसं वाटे. अलीकडे म्हणजे कधीपासून, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. जेवण समोर आलं की जेवायचं, बस आली की बसायचं, कोणी विनोद केला की तोंड हसतं करायचं. तक्रार काही नव्हती. दुखत नाही अशी तक्रार घेऊन डॉक्टरकडे कोण जातं?

व्ह्यूफाइंडरला कारखान्यात कोणी व्ह्यूफाइंडर म्हणत नसे. तो शब्द माहितीपत्रकात छापण्यापुरता. कारखान्यात ती ‘खिडकी’, आणि ती जिथे जुळत असे तो खिडकी विभाग. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, दारात दोन पायपुसणी, एक धुळीचं आणि एक ओलं. आत टेबलांच्या दोन रांगा. चिमट्यानं उचलायच्या इवल्या इवल्या काचा, सुईच्या टोकाएवढा डिंक, आणि काच बसली की ती डोळ्याला लावून समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यावर चौकट जुळते का बघायची. जुळली तर डावीकडच्या ट्रेमध्ये, नाही जुळली तर उजवीकडच्या. एवढंच काम, पण दिवसाला चारशे वेळा. अकरा माणसं होती. दहा बायका आणि एक पुरुष. त्या पुरुषाला सगळे मौनीबाबा म्हणत, कारण त्याचं तोंड झोपेतसुद्धा बंद राहत नसेल अशी सगळ्यांची खात्री होती. आणि त्या दहा बायकांत सगळ्यांत जुनी, सगळ्यांची ताई, ती याची बायको. हा नवखा उमेदवार म्हणून कारखान्यात आला तेव्हा याला पहिल्यांदा चिमटा धरायला तिनंच शिकवलं होतं. “हात कशाला घट्ट करतोस? काच आहे, साप नाही,” ती म्हणाली होती. तेव्हापासून ती त्याला अरेतुरेच करत आली. लग्न झालं, तो तपासनीस झाला, मोठा साहेब झाला, तरी विभागात सगळ्यांसमोर ती त्याला ‘अरे’ म्हणे, आणि तो आला की मौनीबाबा हळूच ओरडे, “आले, ताईंचे विद्यार्थी आले.”

गेल्या सोमवारी धाकट्या साहेबांनी त्याला वर बोलावलं होतं. कारखाना थोरल्या साहेबांनी उभा केला, आता चालवतात ते त्यांचे चिरंजीव. चिरंजीवांना साठी जवळ आली तरी सगळ्यांच्या तोंडी ते धाकटेच. टेबलावर त्यांनी नव्या डिजिटल मॉडेलचा लाकडी नमुना ठेवला होता. “खिडकी ठेवली तर हा चार मिलिमीटर जाड होतो,” ते म्हणाले, “आणि तीन महिने उशिरा बाजारात जातो. बाकीचे सगळे आपल्या पुढे गेलेत. फिल्मचा कॅमेरा दुकानदार आता कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवतात. हा हंगाम हुकला तर पुढच्या हंगामाला आपण असू असं वाटत नाही मला. खिडकी काढली तर हंगाम साधतो.”

“आणि खिडकी विभाग?”

“खिडकीच नाही म्हटल्यावर विभाग कसला?” धाकटे साहेब वाईट माणूस नव्हते. हे बोलताना त्यांनी लाकडी नमुना उगाच उलटा करून बघितला. “मी खिडकी नको म्हटलं तर युनियन म्हणेल मालकानं गळा कापला. युनियननं हवी म्हटलं तर बोर्ड ऐकणार नाही. दोघांचंही एकाच गोष्टीवर एकमत झालंय. तुमचा शेरा.”

“माझी बायको आहे त्या विभागात.”

“म्हणून तर,” साहेब म्हणाले. “तुम्ही आकसानं लिहिलंत असं कोणी म्हणणार नाही.”

आणि खिडकी हवी असं लिहिलं तर बायकोसाठी लिहिलं असं म्हणतील, हे दोघांच्याही मनात आलं आणि दोघांनीही बोलून दाखवलं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खाली येताना जिन्यात त्याला वाटलं, आता आपल्याला धडधडेल. थांबून त्यानं छातीवर हातही ठेवून पाहिला. घड्याळ लावून दिल्यासारखं सगळं व्यवस्थित चालू होतं.

त्याच्या शेऱ्याला एवढी किंमत का, याचं उत्तर थोरल्या साहेबांकडे जातं. त्यांनी कारखान्याला एक शिस्त लावून दिली होती. कुठल्याही कामावरचा शेरा तीन भागांत लिहायचा: निकाल, कारण आणि साक्ष. साक्ष म्हणजे तपासनीसानं स्वतः डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. ऐकीव नाही, अंदाज नाही. आणि ज्याच्या कामावर शेरा, त्याच्यासमोर उभं राहून तो मोठ्यानं वाचायचा. पाठीमागे नाही, पाकिटात घालून नाही. ज्यानं ऐकला त्यानं ‘ऐकलं’ म्हणायचं आणि खाली सही करायची. पटलं असं म्हणायची सक्ती नव्हती. थोरले म्हणत, माणसाला वाईट सांगताना त्याच्या तोंडाकडे बघावं लागलं की निम्मा खोटेपणा आपोआप गळतो. याला ते फार आवडलं होतं. तरुणपणी तो या वाक्यावर जीव टाकत असे. त्याचा शेरा म्हणजे दगडावरची रेघ, असं लोक म्हणायला लागले, मग कोणीतरी त्याला शेरेबहाद्दर म्हणालं आणि ते नाव चिकटलं. एकदा त्यानं बायकोच्याच एका ट्रेवर ‘डिंक बाहेर आला आहे’ असा शेरा लिहून तिच्यासमोर वाचला होता. ‘ऐकलं,’ ती म्हणाली, सही केली, आणि त्या संध्याकाळी घरी ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. त्याला त्याचं वाईट वाटलं होतं आणि आतून थोडा अभिमानही. वाईट वाटणं आणि अभिमान, दोन्ही एका संध्याकाळी. किती काय काय होत असे तेव्हा एका माणसाला.

आठ वर्षांपूर्वीचा शेरा मात्र त्याला नको तेव्हा आठवे. त्यांच्याकडे एक पोरगेलासा इंजिनियर होता, सारख्या तारा आणि दिवे घेऊन फिरे म्हणून त्याचं नाव बल्बवाला. त्यानं दोन वर्षं तळघरात बसून एक डिजिटल कॅमेरा बनवला. विटेएवढा, विटेएवढाच जड, आणि आतून पंख्यासारखा आवाज करणारा. शेऱ्यासाठी तो याच्याकडे आला. यानं जे नेहमी केलं तेच केलं. त्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो मोठ्या कागदावर छापून घेतला, शेजारी त्यांच्या उत्तम फिल्मचा फोटो तेवढाच मोठा छापून घेतला, दोन्ही तपासणीच्या भिंतीवर लावले, आणि तीन पावलांवरून, एका पावलावरून, मग भिंग लावून पाहिले. तुलनाच नव्हती. एकात पानाची शीर दिसत होती, दुसऱ्यात पानाच्या जागी हिरव्या चौकोनांचा ढीग. त्यानं लिहिलं: ‘निकाल: नापास. कारण: कागदावर उतरत नाही. निदान दहा वर्षं काळजीचं कारण नाही. साक्ष: भिंतीवरचे दोन फोटो.’ आणि बल्बवाल्यासमोर वाचलं. बल्बवाला ऐकून घेत होता आणि मग एकदम म्हणाला, “पण साहेब, कागदावर उतरवायचंच कशाला?” खोलीतले सगळे हसले. हाही हसला. कागदावर उतरवायचा नाही तो फोटो कसला? जेवायचं नाही तर स्वयंपाक कशाला? बल्बवाला हसला नाही. ‘ऐकलं,’ म्हणाला, सही केली, आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत गेला. आज दुकानांच्या खालच्या, डोळ्यासमोरच्या फळ्यांवर त्या दुसऱ्या कंपनीचे कॅमेरे होते. शेऱ्यातला शब्द न् शब्द खरा होता. फोटो खरंच कागदावर उतरत नव्हता. फक्त लोकांनी कागद सोडून दिला, आणि कागद सोडून देता येतो हे कागदाला भिंग लावून बसलेल्या माणसाला दिसणार तरी कसं? त्या शेऱ्याबद्दल त्याला कोणी कधी बोल लावला नाही. धाकट्या साहेबांनीसुद्धा नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं त्याला कधीकधी वाटे. एखाद्यानं तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर कदाचित त्या बधिर ओठाला काही कळलं असतं.

तपासणीच्या खोलीत आल्यावर त्यानं कोट अडकवला, टेबल पुसलं, कोरा शेरा-कागद समोर घेतला आणि बघत बसला. शिपाई चहा ठेवून गेला. सकाळी बायको नेहमीप्रमाणे त्याच्याआधी निघाली होती. विभाग साडेसातला उघडतो. दाराशी चपला घालताना ती म्हणाली, “आज तुझा कागद ना?” तो म्हणाला, “हो.” ती म्हणाली, “डबा ओट्यावर आहे. घेऊन ये, विसरू नकोस.” मग दार ओढून घेतल्याचा आवाज. गेल्या आठवडाभर ती इतकंच विचारत आली होती, कागद कधी, किती वाजता. काय लिहिणार हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं, आणि त्यानं सांगितलं नव्हतं, कारण त्याला माहीत नव्हतं. की विचारलं नाही म्हणून त्याला बरं वाटत होतं? पूर्वी ती सगळं विचारायची. जेवताना ती बोलत असे आणि तो ऐकत असे. मग कधीतरी ती थोडं कमी बोलायला लागली, तो थोडं कमी ऐकायला लागला, आणि आता पानं वाढली की भांड्यांचेच काय ते आवाज. भांडण नव्हतं. भांडायला सुद्धा दोन माणसं एका खोलीत यावी लागतात.

खिडकी लागते का? त्यानं मनातल्या मनात सगळी कारणं काढून टेबलावर मांडली. डोळा लावला की जग बंद होतं आणि चौकट उरते. हात स्थिर राहतो, कपाळाचा आधार मिळतो. उन्हात काचेवर काही दिसत नाही, खिडकीतून दिसतं. खरं होतं सगळं. आठ वर्षांपूर्वीच्या शेऱ्याइतकंच खरं. आणि ती पुलावरची मुलगी? तिला काय येणार आहे हे बघायचंच नव्हतं. तिला काय आलं ते बघायचं होतं, आणि नाही आवडलं तर पुन्हा. चौकट जुळवून, श्वास रोखून, एकदाच दाबायचं ते फिल्म महाग होती म्हणून. त्यालाच आपण सगळे कला म्हणत आलो. हे वाक्य मनात आलं तेव्हा तो स्वतःच थोडा दचकला. पण ते बरोबर होतं. खिडकी ही त्या एकदाच दाबण्यासाठी होती. ते संपलं होतं. निकाल त्याला आता स्पष्ट दिसत होता, भिंतीवर टांगल्यासारखा.

त्यानं पेन उघडलं. ‘निकाल: नव्या मॉडेलला खिडकीची गरज नाही.’ अक्षर नेहमीसारखंच गोल आलं. ‘कारण: वापरणाऱ्याला फोटो काढण्याआधी नव्हे, काढल्यावर बघायचा असतो.’ मग साक्ष. साक्षीपाशी तो अडला. आधी त्यानं लिहायला घेतलं, ‘आज सकाळी पुलावर’ आणि थांबला. पुढे काय लिहायचं? की मुख्य तपासनीसानं काच नाकाला लावली? हे त्याला अकरा जणांसमोर उभं राहून वाचायचं होतं. मौनीबाबा वर्षभर ते पुरवून पुरवून खाईल. आणि त्या जोडप्याला ओळखतं कोण? वाटेवरच्या अनोळखी माणसांची साक्ष धरायची नाही, असंही थोरल्यांचं म्हणणं होतं. त्यानं कागद फाडला, नवा घेतला, निकाल आणि कारण पुन्हा लिहिलं, आणि मग त्याला बायको आठवली.

दोन वर्षांपूर्वी लेक माहेरी आली तेव्हा तिनं आईला एक छोटा डिजिटल कॅमेरा आणला होता. दुसऱ्या कंपनीचा, बल्बवाल्याच्या. जावयानं तो नाव न बघता घेतला होता, लेकीला कळलं तेव्हा ती ओशाळली. बायकोनं कॅमेऱ्यावरच्या कंपनीच्या नावावर चिकटपट्टी लावून टाकली आणि विषय संपवला. नात रांगत होती. गंमत म्हणजे त्या कॅमेऱ्याला एक छोटीशी खिडकीही होती, आणि तीस वर्षं खिडक्या जुळवलेल्या या बाईनं तिला एकदाही डोळा लावला नाही. हात लांब करून, काचेवर बघत, ती नातीचे फोटो काढत राहिली. नंतरही त्यातले फोटो ती तशीच बघे, कॅमेरा लांब धरून, जरा तिरका करून, गॅलरीत उजेडाला जाऊन, कितीतरी वेळ. तो आतून खुर्चीतून तिच्या पाठीकडे बघत असे. हिला जमलं, असं त्याला वाटे. आपल्याला जमलं नाही, हिला जमलं. त्याहून चांगली साक्ष कुठली? या कामातलं सगळ्यांत जाणतं माणूस, पुढ्यात खिडकी असताना ती सोडून काचेकडे वळलं. डोळ्यांनी पाहिलेलं, दोन वर्षं पाहिलेलं. आणि ते लिहिलं की विभागाचं दार आपण आपल्याच हातानं तिच्यावर बंद करतो आहोत, तेही तिचंच नाव घालून, हेही त्याला समजलं. समजलं म्हणजे वाक्य कळलं. वाक्याच्या खाली काही हललं नाही. ‘साक्ष,’ त्यानं लिहिलं, ‘खिडकी विभागातील सर्वांत ज्येष्ठ कर्मचारी घरी स्वतः खिडकीचा वापर करीत नाही. काच वापरते व तीत समाधानी आहे. तपासनीसानं हे स्वतः दोन वर्षं पाहिलं आहे.’ सही केली. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. चहावर साय धरली होती, तो त्यानं तसाच पिऊन टाकला.

दुसऱ्या मजल्यावर त्यानं आधी धुळीच्या पायपुसण्यावर पाय पुसले, मग ओल्या. दार ढकललं तेव्हा मौनीबाबा काहीतरी सांगत होता आणि दोघी-तिघी खाली मान घालून हसत होत्या. याच्या हातातला कागद दिसला आणि मौनीबाबाचं वाक्य अर्ध्यात राहिलं. त्याला गप्प झालेलं या खोलीनं पहिल्यांदाच पाहिलं असेल. बायकांनी चिमटे खाली ठेवले. कोणी सांगितलं नव्हतं, पण एकेक जण उठून उभी राहिली, आणि शेवटच्या टेबलावरून त्याची बायको उठली, हातातली काच आधी नीट ट्रेमध्ये ठेवून. ती समोर आली आणि तीन पावलांवर थांबली. त्यानं थोरल्यांचा नियम आठवून तिच्या तोंडाकडे बघायचं ठरवलं होतं. वाचता वाचता बघणं जमेना, म्हणून तो कागदाकडेच बघून वाचत गेला. निकाल वाचला. मागे कोणीतरी नाकानं श्वास ओढला. कारण वाचलं. मग साक्ष. ‘तीत समाधानी आहे’ हे शब्द खोलीत मोठ्यानं ऐकताना त्याला ते दुसऱ्याच कोणी लिहिल्यासारखे वाटले. वाचून संपलं. आता तिनं ‘ऐकलं’ म्हणायचं होतं.

“निकाल बरोबर आहे,” ती म्हणाली.

त्यानं मान हलवली.

“कारणही बरोबर आहे. मलाही तसंच वाटतं. लोकांना नकोय हे. या पोरींनासुद्धा माहितीये, विचार हवं तर.” तिनं मागे वळून बघितलं, मग पुन्हा त्याच्याकडे. “साक्ष चुकलीये तुझी.”

“चुकली कशी? मी स्वतः पाहिलंय.”

“मी काच वापरते कारण मला त्या भोकातून दिसत नाही. माझा एक डोळा गेलाय. गेलाय म्हणजे, धुकं आहे नुसतं. अडीच वर्षं झाली. दुसऱ्यालाही आता कमीच दिसतं.” ती हे डबा ओट्यावर आहे या सुरात सांगत होती. “कॅमेरा लांब धरते, तिरका करते, उजेडाला नेते, ते नातीचं तोंड कुठे आहे ते सापडत नाही म्हणून. समाधानी कुठली? रडकुंडीला येते मी.”

“मग इथलं काम?” तो म्हणाला, तपासनीसच म्हणाला.

“इथलं काम चोख आहे. तक्त्यावरच्या जाड रेघा दुसऱ्या डोळ्याला अजून कळतात. आणि माझा प्रत्येक ट्रे नंतर हा बघतो.” तिनं मौनीबाबाकडे मान केली. “एक तुकडा वाईट गेलेला नाही.”

अडीच वर्षं. मौनीबाबा, ज्याच्या पोटात तीळ भिजत नसे, तो आपल्या बुटांकडे बघत उभा होता. त्याच्यापलीकडच्या बाया बघत होत्या ताईकडे, याच्याकडे कोणीच नाही, आणि त्या न बघण्यावरून त्याला कळलं की त्यांतल्या एकीलाही यात काही नवं नाही. दहाच्या दहा जणांना माहीत होतं. खोलीत नवं होतं ते एकट्या त्याला, जो तिच्या शेजारी झोपत होता. त्याच्या छातीत काहीतरी जोरात दुखायला लागलं. इतक्या दिवसांनी दुखत होतं की आधी त्याला ते ओळखूच आलं नाही.

“कोणता?” त्यानं विचारलं. “कोणता डोळा?”

“उजवा.”

तिचा उजवा डोळा त्यानं बघितला. तो नेहमीसारखाच दिसत होता. की नव्हता? नेहमी तो कसा दिसे हेच त्याला आठवेना. “मला का नाही सांगितलंस?” तो म्हणाला, आणि आवाज असा आला की मागची एक मुलगी चटकन तोंड फिरवून भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला लागली.

बायकोनं त्याच्या हातातून कागद घेतला, टेबलावर ठेवला, वाकून, मान डावीकडून जवळ नेऊन, ओळ शोधली आणि सही केली.

“सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर तू लिहिलं असतंस.”

त्यानं नाही म्हणायला तोंड उघडलं. अकरा माणसं वाट बघत होती. त्यानं खरंच लिहिलं असतं.